दुष्काळात तग धरणारं जनुक नेमकं कोणतं?

प्रश्न असा आला आहे: पाण्याविना काही वाण तग धरतात आणि शेजारचे करपून जातात. हे जनुकांमुळे होतं म्हणतात. मग ते जनुक कोणतं, ते करतं काय, आणि इतकी वर्षं संशोधन होऊनही ते उचलून हव्या त्या पिकात का घालता येत नाही?

मी पीक पैदासकार आहे आणि नोकरीतली बहुतेक वर्षं पाण्याच्या ताणावरच गेली. उत्तर लांबणार आहे, कारण 'ते जनुक' या शब्दांतच अडचण आहे.

हा प्रश्न कुणी विचारला की मी आधी उलट विचारतो, कोणता दुष्काळ? उगवणीनंतर पंधरवड्यातच पाऊस दडी मारतो तो? ऐन फुलोऱ्यात दहा दिवस उघडीप पडते तो? की पीक जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढतं आणि दाणे भरताना ओल संपते तो? आपण तिन्हींना एकच नाव देतो. रोपाला मात्र ही तीन निरनिराळी संकटं आहेत, आणि एका संकटात ज्या जनुकामुळे पीक तरतं त्याच जनुकामुळे दुसऱ्या संकटात, किंवा चांगल्या पावसाच्या वर्षी, उत्पादन घटू शकतं. जनुकामुळे पाणी काही वाढत नाही. आहे ते पाणी कुठून ओढायचं, कधी खर्चायचं आणि कशावर खर्चायचं, एवढंच त्याच्या हातात असतं.

जॉन पासिउरा या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञानं १९७७ मध्ये हा हिशेब फार सोप्या शब्दांत मांडला. पिकानं वापरलेलं पाणी, त्या पाण्याच्या दर थेंबामागे तयार झालेला पालापाचोळ्यासह सगळा जैवभार, आणि त्या जैवभारातला दाण्यांचा वाटा, या तिघांचा गुणाकार म्हणजे उत्पादन. दुष्काळाशी संबंधित म्हणून सांगितलेलं कोणतंही जनुक या तीनपैकी कशावर परिणाम करतं ते विचारायचं. एकावरही होत नसेल, तर रोप कुंडीत कितीही हिरवं दिसो, शेतात त्याचा उपयोग नाही.

सगळ्यात जुना आणि आजही सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे दुष्काळ गाठायच्या आत पीक उरकणं. फुलोऱ्याची वेळ ठरवणारी जनुकं इथे कामाला येतात. ती लवकर फुलवतात, पीक लवकर पक्व होतं, ओल संपेपर्यंत दाणे भरून झालेले असतात. याला कुणी 'दुष्काळाचं जनुक' म्हणत नाही, पण कोरडवाहू भागांत वाणांनी जी मजल मारली तिचा मोठा वाटा याच जनुकांचा आहे. किंमत इतकीच की पाऊस लांबला तर लवकर उरकणारं पीक त्याचा फायदा घेऊ शकत नाही.

आता पानाकडे वळू, कारण जनुकांचं काम तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतं. पानाच्या पृष्ठभागावर दर चौरस मिलिमीटरमध्ये शेकड्यांनी पर्णरंध्रं असतात. प्रत्येक रंध्राच्या दोन बाजूंना दोन रक्षक पेशी, ओठांसारख्या. त्या पाण्यानं टम्म फुगल्या की बाहेरच्या बाजूला वाकतात आणि रंध्र उघडतं. सैलावल्या की मिटतं. उघड्या रंध्रातून कर्बवायू आत येतो, पण त्याच वाटेनं पाण्याची वाफ बाहेर जाते. कर्बवायूचा एक रेणू मिळवायला गहू-भातासारख्या पिकाला पाण्याचे काहीशे रेणू द्यावे लागतात. मुळांनी ओढलेलं ९५ टक्क्यांहून जास्त पाणी असंच उडून जातं.

माती कोरडी पडू लागली की रोपात अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं. ते कॅरोटिनॉइड या रंगद्रव्याचे तुकडे पडून तयार होतं, आणि ते तुकडे पाडणाऱ्या विकराचं जनुक ताण आला की झपाट्यानं चालू होतं. हे संप्रेरक रक्षक पेशीत पोचल्यावर काय होतं, हे कोडं बरीच वर्षं सुटत नव्हतं. २००९ मध्ये त्याचं ग्राही प्रथिन सापडलं आणि साखळी जुळली. एरवी रक्षक पेशीत एक फॉस्फेटेज प्रथिन दुसऱ्या एका कायनेज प्रथिनाला सतत दाबून धरत असतं. अ‍ॅब्सिसिक आम्ल ग्राहीत बसलं की ग्राही त्या फॉस्फेटेजला पकडतो. दाबणाराच पकडला गेल्यामुळे कायनेज सुटतं आणि पेशीच्या पटलातली ऋणभारित आयनांची दारं उघडतं. क्लोराइड, नायट्रेट बाहेर पडतात, पाठोपाठ पोटॅशियम, आणि त्यांच्यामागे पाणी. फुगलेली पेशी सैल पडते, रंध्र मिटतं. सगळं काही मिनिटांत. यातल्या प्रत्येक पायरीला एक किंवा अधिक जनुकं आहेत, आणि ग्राहीचं एक नसून अख्खं कुटुंब आहे. अ‍ॅरॅबिडोप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपात ते चौदा जणांचं आहे.

हे वाचल्यावर वाटेल, मग ग्राही जास्त संवेदनशील करा, रंध्रं लवकर मिटतील, पाणी वाचेल, झालं काम! रोप वाचेल हे खरं. पण रंध्र मिटलं की कर्बवायूही थांबतो, आणि बाष्पीभवन थांबल्यामुळे पान तापतं. दहा दिवसांची उघडीप असेल आणि रोपानं पहिल्याच दिवशी दार लावून घेतलं, तर शेजारचं 'उधळं' रोप त्या दहा दिवसांतले निम्मे दिवस अन्न बनवत राहतं आणि शेवटी दाणेही जास्त देतं. फुलोऱ्यात भर दुपारी अवरक्त तापमापी घेऊन शेतातून फिरलं तर हे हाताला लागतं. सौम्य ताणात बहुधा ज्या वाणाचं पान अंश-दोन अंशानं थंड, त्याचंच उत्पादन जास्त. थंड पान म्हणजे अजून पाणी खर्च करणारं पान, म्हणजेच खाली कुठेतरी पाणी मिळवणारं मूळ.

सुरुवातीच्या काळातली माझी एक फजिती इथे सांगण्यासारखी आहे. एक नियंत्रक जनुक जास्त चालवणारी रोपं आमच्याकडे होती. सारख्या कुंड्या, सारखी माती, आणि पाणी बंद. बाराव्या दिवशी साधी रोपं माना टाकून पडली होती आणि आमची ताठ उभी. फोटो काढले, सगळे खूश. एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं फक्त एवढंच विचारलं, "कुंड्या वजन केल्यास का?" केल्या नव्हत्या. केल्या तेव्हा कळलं की आमच्या रोपांच्या कुंड्यांत अजून भरपूर पाणी शिल्लक होतं, कारण ती रोपं मुळातच खुरटी होती. पानांचं क्षेत्रफळ जवळपास निम्मं, त्यामुळे खर्चही निम्मा. त्यांच्यावर दुष्काळ आलेलाच नव्हता. पुढच्या खेपेला रोज वजन करून दोन्हींच्या मातीत सारखी ओल ठेवली आणि फरक जवळजवळ विरघळला. आजही 'पंधरा दिवस पाण्याविना टवटवीत' असा फोटो दिसला की मी आधी रोपांचा आकार बघतो.

नियंत्रक जनुक म्हणजे काय, तेही सांगायला हवं. पेशीत ताण आला की शेकडो जनुकं चालू होतात. कुणी प्रोलिनसारखी द्रव्यं साठवून पेशीतलं पाणी धरून ठेवतं. कुणी एलईए नावाची प्रथिनं बनवतं, जी पहिल्यांदा कापसाच्या पक्व होणाऱ्या बियांत सापडली. बी वाळताना आतली यंत्रणा मोडू नये म्हणून ती असतात. कुणी ताणात तयार होणारे घातक ऑक्सिजन रेणू निवळतं. ही झाली कामकरी जनुकं. त्यांना हाक मारणारी जनुकं निराळी, त्यांना मी मुकादम म्हणतो. मुकादमाचं प्रथिन कामकरी जनुकाच्या आधी असलेल्या डीएनएच्या ठरावीक अक्षरांवर जाऊन बसतं आणि ते जनुक चालू करतं. ड्रेब गटातले मुकादम यात सगळ्यात प्रसिद्ध. एक मुकादम हलवला की अख्खी टोळी हलते, म्हणून १९९० च्या दशकात संशोधकांचा सगळा ओढा इकडे होता.

जपानमधल्या गटानं अ‍ॅरॅबिडोप्सिसमध्ये ड्रेबचं जनुक सतत चालू राहील अशी व्यवस्था केली. रोपांनी दुष्काळ, खारेपणा, गोठण, सगळं सोसलं, पण ती खुजी राहिली. ताण नसतानाही ती ताणात असल्यासारखी वागत होती. मग १९९९ मध्ये त्याच गटानं जनुकापुढचा प्रवर्तक, म्हणजे ते कधी चालू व्हावं हे ठरवणारा तुकडा, बदलला. आता जनुक ताण आल्यावरच जागं होई, आणि खुजेपणा बराचसा गेला. माझ्या मते या क्षेत्रातला सगळ्यात मोठा धडा ड्रेब सापडणं हा नव्हता, प्रवर्तक बदलल्यावर काय झालं हा होता. जनुक कोणतं याच्याइतकंच ते केव्हा, कुठल्या अवयवात आणि किती चालतं हे महत्त्वाचं.

मक्यात याचं निसर्गानंच करून ठेवलेलं उदाहरण आहे. तिथल्या एका मुकादम जनुकाच्या प्रवर्तकात काही वाणांत ८२ अक्षरांचा एक भटका डीएनए तुकडा येऊन घुसलेला आहे. प्रथिन जसंच्या तसं, बिघाड काही नाही. पण त्या तुकड्यामुळे जनुकाचा आवाज दबतो आणि रोपं ताणाला जास्त बळी पडतात. समशीतोष्ण भागांतल्या मक्यात हा तुकडा पसरलेला आढळतो. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा आमच्यापैकी अनेकांनी प्रथिनांच्या अक्षरांतले बदल शोधत घालवलेल्या वर्षांचा हिशेब मनातल्या मनात केला असणार.

मुळांचं बघू. भाताचा आयआर६४ हा वाण कोट्यवधी हेक्टरवर गेला, पण त्याची मुळं उथळ, पसरट. फिलिपिन्समधल्या किनांदांग पातोंग या जुन्या डोंगरी वाणाची मुळं सरळ खाली जातात. हा फरक मोजायची पद्धत मला फार आवडते. लोखंडी जाळीची वाटीच्या आकाराची टोपली मातीत पुरायची, तिच्या मधोमध रोप वाढवायचं आणि काही आठवड्यांनी टोपली उपसायची. मुळं जाळीच्या भोकांतून बाहेर आलेली असतात. वरच्या कडेजवळून किती आली आणि तळातून किती, एवढंच मोजायचं. हात चिखलानं भरतात, पाठ मोडते, पण आकडा पक्का मिळतो. अशा मोजणीतूनच डीआरओ१ हे जनुक सापडलं आणि २०१३ मध्ये जाहीर झालं. ते मुळाच्या टोकाला गुरुत्वाकर्षणाकडे वळायला लावतं. आयआर६४ मध्ये त्यातलं एकच अक्षर गळालेलं आहे, त्यामुळे प्रथिन अर्धवट तुटतं आणि मूळ आडवं धावतं. डोंगरी वाणातलं धड जनुक संकरानं आयआर६४ मध्ये आणलं तेव्हा मुळं खोल गेली, आणि ताणाखाली उत्पादनात मोठा फरक पडला. गंमत म्हणजे मुळांचं एकूण वजन वाढलं नाही. फक्त दिशा बदलली.

पण खोल मूळ तेव्हाच उपयोगी, जेव्हा खाली पाणी आहे. माती हातभर खोल आणि खाली मुरूम असेल, किंवा पाऊस वरच्या वर भुरभुरत असेल, तर पसरट मुळंच बरी. शिवाय सगळी ओल फुलोऱ्याआधीच ओढून संपवणारं खोल मूळ दाणे भरताना दगा देतं.

ज्वारीत हेच उलट बाजूनं दिसतं. काही वाणांची पानं दाणे भरताना ओल संपली तरी हिरवी राहतात, आणि त्यामागे गुणसूत्रांवरचे चार प्रमुख भाग सापडले. त्यांचा स्रोत इथियोपियातल्या ज्वारीत आहे. आधी वाटलं, पान पिवळं होण्याची प्रक्रियाच ही जनुकं रोखत असतील. नंतरच्या बारीक मोजणीत दिसलं की हे भाग फुलोऱ्याआधी फुटवे कमी करतात आणि पानं आटोपशीर ठेवतात. रोप आधी हात आखडतं, ओल शिल्लक राहते आणि नेमकी दाणे भरताना उपयोगी पडते. शेवटी दिसणारा हिरवेपणा ही आधीच्या काटकसरीची पावती होती. साठलेल्या ओलीवरच्या पिकाला हे वरदान आहे. अधूनमधून पाऊस येत राहणाऱ्या भागात मात्र कमी फुटवे म्हणजे कमी कणसं.

गव्हातही तसंच. कर्बाच्या दोन समस्थानिकांचं, म्हणजे वजनानं किंचित वेगळ्या अणूंचं, प्रमाण मोजून, कमी पाण्यात जास्त जैवभार करणारी रोपं निवडता येतात. त्यावरून ऑस्ट्रेलियात २००२ मध्ये ड्रायस्डेल हा वाण आला. तो शोभतो तोही साठलेल्या ओलीवरच, कारण ही काटकसर बरीचशी रंध्रं आवळून धरण्यातून येते.

आता प्रश्नाचा दुसरा भाग, उचलून घालता का येत नाही. घातलेली आहेत. मातीतल्या एका जीवाणूचं थंडीत चालू होणारं जनुक मक्यात घातलं गेलं आणि अमेरिकेत २०११ मध्ये त्याला मान्यता मिळाली. सूर्यफुलातलं एक मुकादम जनुक घातलेल्या गव्हाला २०२० मध्ये अर्जेंटिनानं मान्यता दिली. मक्यातलंच एक जनुक, बाहेरून काही न घालता, क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्रानं फक्त प्रवर्तक बदलून वाढवलं. फुलोऱ्यातल्या ताणात एकरी पाचेक बुशेल, म्हणजे हेक्टरी ३०० किलोच्या आसपास वाढ मिळाली आणि भरपूर पाण्यात तोटा झाला नाही. २०१७ मधलं हे काम मला मनापासून आवडतं, कारण त्यात शेतातले आकडे आहेत, कुंडीतले नाहीत. पण प्रमाण बघा. असे फायदे काही टक्क्यांत असतात. वाळवंटात मका पिकवणारं जनुक कुणाकडेही नाही, आणि असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

जनुक एका वाणातून दुसऱ्यात नेलं की ते तसंच वागेल याचीही खात्री नसते. भाताच्या वंदना आणि वे रारेम या वाणांच्या संकरात बाराव्या गुणसूत्रावर एक भाग सापडला. तीव्र ताणातल्या उत्पादनात जो आनुवंशिक फरक होता, त्यातला सुमारे ५१ टक्के एकट्या या भागामुळे. इतका मोठा परिणाम दुष्काळाच्या बाबतीत विरळाच. गुणी तुकडा कोणाकडून आला? वंदना हा ताण सोसणारा आणि वे रारेम ताणाला बळी पडणारा, आणि तुकडा आला वे रारेमकडून. त्याच्या स्वतःच्या घरात तो निष्प्रभ होता. वंदनातल्या इतर जनुकांची साथ मिळाली तेव्हा चमकला. त्यामुळे दुर्बळ वाण पाहिल्या पाहिल्या टाकून द्यायची सवय मी सोडून दिली.

कधी कधी शेजार नडतो. भाताला ठेंगणं करणारं, हरितक्रांतीतलं प्रसिद्ध जनुक पहिल्या गुणसूत्रावर आहे. ताणात उत्पादन टिकवणारा एक भाग त्याला अगदी चिकटून आहे, आणि गुणी तुकडा उंच वाणांत. पैदासकारांनी ठेंगणेपणा निवडला तेव्हा जोडीला आलेला ताण न सोसणारा तुकडाही नकळत निवडला गेला. ठेंगणी भातं दुष्काळात कच्ची का, याचं एक कारण असं शेजारात निघालं. पुढे हजारो रोपांतून, दोन्हींच्या मधे तुटलेलं गुणसूत्र असलेली मोजकी रोपं शोधून ही गाठ सोडवली गेली.

आणि अशा सगळ्या गुणी भागांची बेरीज करावी, तर तेही सरळ जमत नाही. दोन भाग एकत्र आणलेली रोपं कधी एकाच भागाच्या रोपांपेक्षा कमी देतात. त्यामुळे कोणती जोडी जमते ते शेतात लावूनच बघावं लागतं.

जनुकांची नावं माहीत नसतानाही बरंच काम झालं आहे. मेक्सिकोत १९७० च्या दशकात मक्याच्या एका समुच्चयातून ताणाखाली उत्पादन देणारी झाडं पिढ्यान्‌पिढ्या निवडली गेली. ताणात तुरा वेळेवर येतो, पण कणसाच्या शेंड्यावरचं रेशीम मागे पडतं आणि परागकण वाया जातात. निवडीनंतर हे अंतर घटलं. सुधारलेल्या मक्यात वरच्या थरातली मुळं वाढण्याऐवजी कमी झाली. झाडानं तेवढी शिधा कणसाकडे वळवली होती. मुळांवर नजर ठेवून निवड केली असती तर नेमकी चुकीची झाडं ठेवली असती.

भातातही पूर्वी पानांची गुंडाळी, मुळांची जाडी असल्या लक्षणांवर निवड चाले. नंतर ताणाखालचं उत्पादनच सरळ मोजायला लागल्यावर वर सांगितलेल्यासारखे मोठे भाग हाती लागले. ते मोजणं मात्र कटकटीचं. शेतातलं पाणी काढायचं, ते पीक पोटरीत यायच्या सुमारास. दोन दिवस लवकर-उशिरा निसवणाऱ्या ओळींना वेगवेगळा ताण बसतो, म्हणून फुलोऱ्याची तारीख ओळीओळीनं लिहायची आणि हिशेबात वजा करायची. शेजारीच भरपूर पाण्याची तीच पेरणी ठेवायची, म्हणजे ताणात तगणारा वाण चांगल्या वर्षी मार खातो का ते कळतं. तुम्ही एखाद्या 'दुष्काळी जनुका'बद्दल वाचाल तेव्हा हे तीन आकडे शोधा: ताण पिकाच्या कोणत्या अवस्थेत दिला, मातीत ओल किती उरली होती, आणि पूर्ण पाण्यात त्याच रोपांनी किती दाणे दिले. बहुतेक बातम्यांत तिसरा आकडा नसतो.